चाकांवरचं घर आणि एक शेगडी

मुलांनो, आधी एक कोडं घालते. घर आहे, पण पत्ता नाही. स्वयंपाकाचा ओटा आहे, झोपायला गाद्या आहेत, पण चाळ नाही की सोसायटी नाही. आज रात्री खिडकीत डोंगर, तर उद्या रात्री धरणाचं पाणी. ओळखा पाहू!

कुणी म्हणेल गोगलगाय, कुणी म्हणेल कासव. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं तर ‘बाई, सर्कशीचा तंबू!’ असं उत्तर दिलं. पण हे घर म्हणजे मोटारहोम. काहीजण त्याला कॅरव्हॅनही म्हणतात. परदेशांतल्या चित्रांत तुम्ही ते पाहिलं असेल. आता आपल्याकडेही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. मागच्या डिसेंबरात आम्ही अशाच एका गाडीतून तीन दिवस फिरून आलो. त्याचीच ही गोष्ट. गोष्टीत मजा आहे, थोडं गणित आहे, आणि माझी एक मोठी चूक आहे. ती चूक सांगायची म्हणूनच खरं तर हे लिहायला बसले आहे.

माझा दादा ठाण्याला राहतो, मी डोंबिवलीला, आणि आमचे बाबा कल्याणला कोळसेवाडीत. दादानं गाडी भाड्यानं घेतली. सकाळी सहाला तो, वहिनी आणि भाचा ठाण्याहून निघाले. वाटेत डोंबिवलीला मी आणि माझी नऊ वर्षांची लेक चढलो, आणि शेवटी कल्याणला बाबा. बाबांच्या हातात कपड्यांची पिशवी होती, डोक्यावर कानटोपी होती, आणि खिशात एक छोटी टॉर्च. गाडीत शिरल्याशिरल्या मुलं खिडकीतल्या जागेसाठी भांडायला लागली. बाबांनी मात्र ड्रायव्हरकाकांना पहिला प्रश्न विचारला, “बॅटरी कुठं ठेवलीय?”

आम्ही सगळे हसलो. पण बाबांना ओळखणारा कुणीही हसला नसता. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या ट्रेन लाइटिंग विभागात झाली. ट्रेन लाइटिंग म्हणजे काय, तर गाडीच्या डब्यांतले दिवे, पंखे आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या सांभाळण्याचं काम. तुम्ही लांबच्या गाडीनं गावाला जाता ना? आपल्या नेहमीच्या जुन्या पद्धतीच्या डब्याखाली मोठ्या पेट्या असतात, त्यांत बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. गाडी धावू लागली की चाकांच्या आसाबरोबर एक पट्टा फिरतो, पट्ट्याबरोबर वीज तयार करणारं यंत्र फिरतं, आणि बॅटरी भरत जाते. गाडी स्टेशनात उभी राहिली की पट्टा थांबतो. मग तीच साठवलेली वीज तुमच्या डोक्यावरचा दिवा आणि पंखा चालवते. म्हणजे बघा, चाकांवरच्या घरात आपण सगळेच कधी ना कधी राहिलेलो आहोत. फक्त आपल्या घराची बॅटरी सांभाळणारा माणूस आपल्याला कधी दिसलेला नसतो.

मला मात्र तो लहानपणापासून दिसत होता. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आईबाबांना विचारा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. इकडे कल्याणला उल्हास नदी आणि वालधुनी यांचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. मी तेव्हा हायस्कूलात होते. आमच्याकडे तीन रात्री वीज नव्हती. बाबांनी कुठल्याशा ओळखीच्या गॅरेजमधून मोटारीची एक जुनी बॅटरी आणली आणि तिला एक इवलासा बल्ब लावला. दादा म्हणाला, “बाबा, मोठा बल्ब लावा ना, वाचता येईल!” बाबा म्हणाले, “मोठा लावला तर एक रात्र दिसेल. छोटा लावला तर तीन रात्री दिसेल. तुला काय हवंय?” त्या मिणमिणत्या उजेडात आम्ही तिन्ही रात्री जेवलो. शेजारच्या आजींना रात्री औषध घ्यायचं असायचं, तर बाबा त्याच उजेडात त्यांची बाटली शोधून द्यायचे. वीज साठवलेली असेल तर ती जपून वापरायची, हा धडा मी तिथं शिकले. निदान शिकले असं मला वाटत होतं.

तर आमची गाडी शहाडचा पूल ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागली. टोकावडे गेलं, माळशेज घाट चढलो, आणि घाटमाथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या परवानगीनं त्याच्या मोकळ्या रानात गाडी उभी केली. समोर हरिश्चंद्रगडाचा डोंगर, अलीकडे पाणी. ऊन कडक होतं म्हणून आम्ही गाडी एका मोठ्या आंब्याच्या सावलीत लावली. ही आमची पहिली चूक. का, ते सांगते पुढं.

दुपारी बाबांनी दोन्ही मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. म्हणाले, “घर चालवायचं तर आधी घरातलं धान्य मोजायचं.” बॅटरीवर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. तुम्हीही कागद घ्या बरं, आपण गणित करू या.

१२ गुणिले १५० म्हणजे १८००. म्हणजे या बॅटरीत पूर्ण भरल्यावर १८०० वॉट-अवर वीज मावते. वॉट-अवर शब्दाला घाबरू नका. १ वॉटचा दिवा १ तास लावला की १ वॉट-अवर संपलं, इतकं सोपं आहे. पण थांबा! बॅटरी शिशाची होती. शिशाची आणि आम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली तयार केली. तिचा स्वभाव असा, की तिला पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर म्हातारी होते. म्हणून शहाणा माणूस तिच्यातली निम्मीच वीज वापरतो. रांजणातलं पाणी तळ दिसेपर्यंत उपसायचं नाही, तसंच. म्हणजे आपल्या हातात उरले ९०० वॉट-अवर.

आता खर्च. एलईडीचे चार दिवे, प्रत्येकी ५ वॉटचे, रात्री पाच तास: १०० वॉट-अवर. छोटा फ्रिज ४५ वॉटचा. तो सारखा चालत नाही, निम्मा वेळ थांबतो. रात्रीचे बारा तास धरले तर सहा तास चालणार: २७०. मोबाईल भरायला सगळे मिळून ६०. नळाला पाणी चढवणारा छोटा पंप: २५. बेरीज करा. ४५५. भाचा ओरडला, “आजोबा, निम्मीच तर संपते! मग काय, चैन आहे!”

बाबा म्हणाले, “चैन आहे, पण यात एक नाव नाही आलं. ते येऊ देऊ नका.”

ते नाव कोणतं, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

घाटमाथ्यावरची डिसेंबरातली थंडी डोंबिवलीच्या थंडीसारखी नसते, मुलांनो. आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी लोकलच्या दारात उभं राहिल्यावर जरा कान गार पडतात, तेवढंच. तिथं सूर्य डोंगराआड गेला आणि तासाभरात बोटं वाकेनात. दादाला गाडीच्या कपाटात विजेचा एक छोटा हीटर सापडला. ८०० वॉटचा. सकाळी ड्रायव्हरकाकांनी सांगितलं होतं की तो हीटर गाडीला बाहेरून विजेची वायर जोडली असेल तेव्हाच लावायचा असतो. पण बाबा आणि काका बाहेर तंबू ठोकण्यात गुंतले होते. गाडीत झोपायच्या जागा कमी, म्हणून ते दोघे तंबूत झोपणार होते. दादानं हीटर लावला. अहाहा! पाय कसे शेकले! पस्तीस मिनिटं झाली आणि कुठूनतरी ‘टीं टीं टीं’ असा आवाज सुरू झाला. मग दिवे गेले, फ्रिज गेला, हीटर गेला. सगळं गप्प.

ते नाव होतं हीटर. गणित करून पाहा. ५ वॉटचा एक दिवा, तर ८०० वॉटचा हीटर म्हणजे किती दिवे? १६० दिवे! आपल्या गाडीत चार होते. ९०० वॉट-अवर म्हणजे हिशेबानं हीटर तासभर तरी चालायला हवा. आमचा त्याहून लवकर बंद पडला, त्याची कारणं बाबांनी नंतर सांगितली. बॅटरीतून वीज भराभर ओढली की ती लवकर दमते, हे एक. बॅटरीची वीज हीटरला चालेल अशी बदलून देणारं यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, स्वतःही थोडी खातं, हे दुसरं. आणि तिसरं कारण आमचं आम्ही केलेलं: गाडीच्या टपावर सौर पॅनल होतं आणि आम्ही ते दिवसभर आंब्याच्या सावलीत ठेवलं होतं. रांजणात पाणी घालायचंच विसरलो आणि वर नळ उघडा सोडला. तरी यंत्रानं स्वतःहून वीज तोडली हे बरंच झालं. नाहीतर बॅटरी पार तळाला गेली असती.

आता पुढचं लिहिताना माझा हात जरा अडखळतो. पण तुम्हाला वर्गात मी सांगते ना, चूक लपवली की ती मोठी होते.

संध्याकाळी आम्ही बाहेर लोखंडी शेगडीवर वांगी भाजली होती. कोळसे अजून लालभडक होते. ज्वाळा नव्हती, धूर तर मुळीच नव्हता. माझ्या लेकीचे दात वाजत होते. मी विचार केला, धूर नाही म्हणजे त्रास नाही. शेगडी उचलली आणि गाडीत आणून मधल्या जागेत ठेवली. खाली पत्रा ठेवला, गादी लांब सरकवली, शेजारी पाण्याची बादलीसुद्धा ठेवली. आगीची सगळी काळजी घेतली बरं का! मग ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. वहिनी म्हणाली, “ताई, चालेल ना हे?” मी म्हटलं, “अगं, आपल्या आज्या काय हीटर लावत होत्या का?”

पंधरा-वीस मिनिटांत मस्त ऊब आली. दादाला डुलकी लागली. आणखी थोड्या वेळानं लेक म्हणाली, “आई, डोकं दुखतंय.” मला वाटलं घाटातल्या वळणांनी झालं असेल. भाचा म्हणाला, “आत्या, मला मळमळतंय.” मला वाटलं, वांग्याचं भरीत जास्त झालं. माझंही डोकं जड झालं होतं, पण दिवसभराच्या दगदगीनं होतं तसं, असं मी मनाशी म्हटलं. झोप मात्र फार गोड येत होती.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा कानटोपी न्यायला आले होते. टॉर्चचा झोत शेगडीवर पडला आणि बाबा असे ओरडले, की तसे ओरडलेले मी जन्मात ऐकले नव्हते. “दारं-खिडक्या उघडा! मुलांना बाहेर घ्या आधी!” त्यांनी शेगडी दांड्यांना धरून बाहेर फेकली. हात पोळला तेही त्यांना नंतर कळलं. दादाला हलवून उठवावं लागलं. उभा राहिला तर त्याचे पाय लटपटत होते. आम्ही सगळे त्या कडाक्याच्या थंडीत उघड्या रानात जाऊन बसलो, आणि मी लेकीला मिठीत घेऊन नुसती थरथरत होते. ती थंडीनं थरथरत नव्हते.

बाबांनी वेळ घालवला नाही. खिडक्या उघड्या ठेवूनच ड्रायव्हरकाकांनी गाडी जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही मुलांना आणि दादाला ऑक्सिजन लावला, आणि सकाळपर्यंत थांबवून घेतलं. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर करोनापासून आपल्या सगळ्यांच्या घरी असतं. दादानं लावून पाहिलं तर आकडा छान दिसत होता. डॉक्टर म्हणाले, “या बाबतीत या यंत्रावर विसंबू नका. ते या वायूला ओळखत नाही. त्यालाच ऑक्सिजन समजतं.”

कोणता हा वायू? कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल, काहीही जळताना हवा कमी पडली की हा तयार होतो. कोळसे धुमसतात तेव्हा तर फारच. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून बसतं. मग ऑक्सिजनला बसायला जागाच नाही! लोकलच्या डब्यात सगळ्या सीटवर कुणीतरी आधीच सामान ठेवून द्यावं, तसं. माणूस श्वास घेत राहतो आणि तरीही आतून गुदमरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग झोप येते. झोपलेल्या माणसाला तर पहिली खूणही कळत नाही. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत कामगार पूर्वी पिंजऱ्यातून कॅनरी नावाचा छोटा पक्षी नेत. हा वायू असला तर माणसाच्या आधी तो पक्षी कोलमडे, आणि कामगार बाहेर धावत. १९८६ मध्ये तिथं पक्ष्यांऐवजी यंत्रं वापरायचं ठरलं. आमच्या गाडीत पक्षी नव्हता आणि यंत्रही नव्हतं. आमची कानटोपी विसरली होती, म्हणून आम्ही वाचलो.

सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून बाबा म्हणाले, “नोकरीत असताना एकदा गाडीबरोबर उत्तरेकडे गेलो होतो. फार थंडी. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली दोन माणसं सकाळी उठली नाहीत. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता गं.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

मुलांनो, मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? मी दरवर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गात मेणबत्ती पेटवते आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवते. ज्योत लहान लहान होत विझते. मी विचारते, “का विझली?” आणि तुमच्यासारखी मुलं एका सुरात सांगतात, “बाई, हवा संपली!” हा प्रयोग मी कितीदा केलाय. त्या रात्री गाडी म्हणजे मोठा पेला होता. आत पेटलेली शेगडी होती, आणि मेणबत्तीबरोबर आम्हीही पेल्याखाली होतो. मला तो पेला दिसला नाही. पाठ शिकवता येणं वेगळं आणि पाठ कळणं वेगळं, हे त्या रात्री मला कळलं. आणखी एक गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली म्हणा. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला सूचनांचा कागद चिकटवलेला होता. तिसऱ्या क्रमांकाला लिहिलं होतं, ‘गाडीत शेगडी, कोळसा पेटवू नये.’ परीक्षेच्या वेळी ‘आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा’ असं सांगणाऱ्या बाईंनी तो कागद वाचलाच नव्हता.

मग दुसऱ्या रात्री आम्ही काय केलं? घरी पळालो? मला तर तेच हवं होतं. पण डॉक्टरांनी मुलं ठीक आहेत म्हणून सांगितलं, आणि बाबा म्हणाले, “भीती घेऊन घरी जाऊ नका. रीत शिकून जा.”

दिवसभर गाडी उन्हात ठेवली. टपावरच्या पॅनलनं बॅटरी भरत आणली. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडण्याआधी बाबांनी हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून खिशात टाकली. भाच्यानं विचारलं, “आजोबा, १२ व्होल्टचा तर शॉकसुद्धा बसत नाही ना?” बाबा म्हणाले, “शॉक नाही बसत. पण अंगठी दोन टोकांच्या मध्ये आली तर लाल होते, आणि बोटासकट होते.” मग त्यांनी दाखवलं: बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज आहे. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. कुठं गडबड झाली तर वायर जळण्याआधी ही कडी वितळते आणि वीज तुटते. कप्प्याला बाहेरच्या बाजूनं जाळी होती, कारण शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, आणि हायड्रोजनला ठिणगी पुरते. स्वयंपाकाचं गॅस सिलिंडर होतं त्या कप्प्याची जाळी मात्र अगदी तळाला होती. का बरं? आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो खाली साचतो. हायड्रोजन हलका, तो वर जातो. घर बांधणाऱ्यानं दोघांचा स्वभाव ओळखून खिडक्या ठेवल्या होत्या.

आणि ऊब? तिचंही एक गुपित बाबांनी सांगितलं. शांत बसलेलं मोठं माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. म्हणजे आम्ही तीन मोठी आणि दोन मुलं मिळून निम्म्या हीटरएवढी ऊब फुकट तयार करत होतो. ती फक्त जपायची होती! मग आम्ही गादीखाली सतरंजी आणि सतरंजीखाली वर्तमानपत्रं पसरली, कारण थंडी तळातूनही येते. खिडक्यांच्या काचांवर आतून चादरी लावल्या, पण वरची एक झडप बोटभर उघडी ठेवली, श्वासाची दमट हवा बाहेर जायला. बाहेर चुलीवर पाणी तापवून रबरी पिशव्या भरल्या आणि मुलांच्या पायांशी ठेवल्या. पायमोजे, कानटोप्या, दोन दोन घोंगड्या. हीटर कपाटात, शेगडी लांब बांधावर विझवून. रात्री दोन दिवे लावून आम्ही पत्ते खेळलो. सकाळी बॅटरीचा काटा पाहिला, तर अजून निम्म्याच्या वर होता!

तुम्ही विचाराल, “बाई, एक झडप उघडी ठेवून शेगडी आत घेतली तर चालेल?” नाही, मुळीच नाही. बोटभर फट श्वासाला पुरते, कोळशाला नाही. विस्तव आत नाहीच, मग खिडकी उघडी असो की बंद.

आता शेवटचं. तुमच्यापैकी फारच थोडी मुलं मोटारहोममधून फिरायला जातील. मग एवढी मोठी गोष्ट मी का सांगितली? कारण आपली घरंही कधी कधी मोटारहोम होतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज अचानक गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी ज्याच्या त्याच्या घरात जेवढं साठवलेलं असेल तेवढंच. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर आईबाबांबरोबर बसून आम्ही केलं तसं गणित करा. बॅटरी किती, दिवे किती, पंखे किती, आणि काय लावायचं नाही. ती बॅटरी हवेशीर जागी आहे ना, जवळ समई किंवा उदबत्ती पेटत नाही ना, हेही पाहा. तिच्यात पाणी घालायचं काम मात्र मोठ्यांचं. आत आम्ल असतं, हात लावायचा नाही.

आणि पालकहो, हे तुमच्यासाठी. आपल्या ठाण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटमधली बाथरूम आमच्या त्या गाडीहूनही लहान असते. तिथं गॅसचा गीझर आत असेल आणि खिडकी बंद असेल, तर तोही पेल्याखालची मेणबत्तीच. गीझर बाहेर हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जाऊ द्या. बंद मोटारीत इंजिन चालू ठेवून झोपू नका. आणि बंद जागेत काहीतरी जळत असताना घरातल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग दवाखान्यात.

या वर्षी मी वर्गात पुन्हा मेणबत्ती पेटवली. पेला ठेवला, ज्योत विझली, मुलं ओरडली, “हवा संपली!” पूर्वी मी इथं तास संपवायची. या वेळी मी पेला तसाच ठेवला आणि विचारलं, “आता सांगा, तुमच्या घरात असा पेला कुठं कुठं आहे?” वर्ग आधी शांत झाला. मग एक हात वर आला, मग दुसरा, मग सात-आठ. एका मुलीनं बाथरूम सांगितली, एकानं बाबांची रिक्षा उभी करायची बंद शेड, एकानं आजीची शेकोटीची खोली.

तुम्हीही शोधा. आणि सापडला तर आजच, हा अंक बाजूला ठेवून, घरातल्या मोठ्यांना सांगा.